ठोंबे लावले, पुढच्या दीड महिन्याचं काय?

मा. पशुसंवर्धन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे यांस,



मृगाच्या आधी आमच्याकडे गावोगाव नेपियर गवताच्या ठोंबांची चौकशी सुरू होते. कुणाला त्यातलं फुले जयवंत हवं असतं, कुणाला बीएनएच-१०. हलकी जमीन असलेला मारवेलचे मुळ्या फुटलेले ठोंबे शोधतो, माळरानवाला अंजनाचं बी मागतो. वैरण विकासाच्या योजनांतून बियाणं आणि ठोंबे मिळतात, ही चांगलीच गोष्ट आहे. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ४० लाख गाई-बैल आणि ५६ लाखांच्या आसपास म्हशी मोजल्या गेल्या. एवढी जनावरं उसाच्या वाढ्यावर आणि कडब्यावर जगवता येत नाहीत, हे २०१३ आणि २०१९ च्या चारा छावण्यांनी सगळ्या राज्याला दाखवलं. म्हणून गवत लावा हा आपल्या खात्याचा आग्रह मला पटतो. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे.

लावलेलं गवत पहिल्या कापणीपर्यंत धडपणे पोचणार की नाही, हे पहिल्या दीड महिन्यात ठरतं, आणि ते ठरवतं तण. या दीड महिन्यासाठी शेतकऱ्याच्या हातात पुरेशी मजुरी नाही, गवताचं नाव छापलेलं तणनाशक नाही, आणि तणनाशक मारलंच तर चारा किती दिवसांनी कापायचा याचा अधिकृत आकडाही नाही. चारा हे पीक आहे. योजनेच्या हिशेबात आणि कीडनाशकांच्या कायद्यात त्याला पीक म्हणून जागा मिळावी, ही एकच मागणी घेऊन मी हे पत्र लिहिते आहे.

नेपियर, गिनी, मारवेल, अंजन, डोंगरी, पवना ही सगळी उष्ण हवेतली गवतं. मका, ज्वारी आणि ऊस ज्या पद्धतीने उन्हातून अन्न तयार करतात, त्याच पद्धतीने तीही करतात. कडक ऊन त्यांना मानवतं, थोड्या पाण्यात ती भरपूर पाला देतात, आणि एकदा अंगाला लागली की त्यांच्या सावलीत दुसरं काही तग धरत नाही. पण सुरुवातीला ती फार संथ असतात. अंजनाचं बी हलकं, कुसळी, वाऱ्यावर उडणारं. सेंटिमीटरभरापेक्षा खोल गेलं तर ते वर येणं अवघड. ताज्या बियाला सुप्तावस्था असते, त्यामुळे उगवण एकदम होत नाही, मागेपुढे होत राहते. जे उगवतं ते आधी मूळ खाली सोडतं. वर दोन-तीन आठवडे दोऱ्यासारखं पान दिसतं, आणि ते अंजनाचं आहे की एखाद्या रानगवताचं हे ओळखायला गुडघ्यावर बसावं लागतं. तेवढ्यात घोळ पसरलेली असते, माठ आणि कुंजरू वीतभर वर आलेले असतात, केना सांध्यासांध्याला मुळं सोडत पुढे सरकत असतो, आणि गाजरगवताची पानं जमिनीला चिकटून उजेड अडवत असतात.

नेपियरचं थोडं बरं आहे. ते बियाने येत नाही. बाजरी आणि नेपियर यांच्या संकरातून झालेलं हे गवत बी धरत नसल्यामुळे कांडी किंवा ठोंबच लावावा लागतो, आणि कांडीत स्वतःची शिदोरी असते. पण ९० बाय ६० सेंटिमीटरवर लावलं तर एकरी साधारण साडेसात हजार ठोंबे बसतात आणि दोन ओळींमधली दोन हातांची जमीन पाच-सहा आठवडे उघडी राहते. तणाला याहून चांगलं आमंत्रण नाही. त्या आठवड्यांत गवत दबलं की फुटवे कमी येतात, नांग्या पडतात. एका हंगामाचं पीक असतं तर पुढच्या वर्षी भरून निघालं असतं. गवताचा तुकडा तीन-चार वर्षं उभा राहतो, आणि पहिल्या पावसाळ्यात पडलेली नांगी पुढच्या प्रत्येक कापणीत दिसत राहते.

मग खुरपणी का करत नाही, असं कुणी विचारेल. करतो, पण शेवटी करतो. जून-जुलैत सोयाबीन, कपाशी, बाजरी, टोमॅटो, कांद्याचं रोप या सगळ्यांची खुरपणी एकाच पंधरवड्यात येते. बायांची टोळी मिळाली तर ती आधी पैशाच्या पिकात जाते, आणि त्यात चूक काही नाही. चाऱ्याचा तुकडा घरच्या बाईच्या वाट्याला येतो. धारा काढून, शेण उचलून, स्वयंपाक उरकून ती दुपारी त्यात बसते. एका एकरातल्या ओळींमधलं तण एकट्या बाईने काढायचं म्हटलं तर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाला पुन्हा हिरवं झालेलं असतं. तणनाशकाच्या बाटलीला नावं ठेवणाऱ्यांनी ही बाई आधी पाहावी. मला तणनाशकाचा पुळका नाही, पण तिच्या कंबरेच्या जिवावर चारा विकास मोजायचा आणि तिला पर्याय शोधू नको म्हणायचं, हेही मला मान्य नाही.

पर्याय ती किंवा तिच्या घरचा माणूस कुठे शोधतो? कृषी सेवा केंद्रात. तिथे साधारणपणे मक्यात चालतं ते गवतात चालेल, असं उत्तर मिळतं आणि ॲट्राझिन या तणनाशकाची पिशवी हातात येते. या सल्ल्यात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच तो टिकून आहे. ॲट्राझिन वनस्पतीची उन्हातून अन्न बनवण्याची यंत्रणा बंद पाडतं. मका, ज्वारी आणि ऊस यांच्या पेशींत मात्र त्याचा रेणू बांधून निकामी करणारी विकरं असतात, म्हणून ती पिकं वाचतात. नेपियर याच गोतावळ्यातलं, शिवाय कांडीवर आलेलं, त्यामुळे तेही बरंच सोसतं. लागवडीनंतर दोन-तीन दिवसांत, तण उगवायच्या आधी, ओलसर जमिनीवर फवारलं तर घोळ, माठ, कुंजरू यांची पहिली लाट बऱ्यापैकी थांबते. जमीन कोरडी असेल तर पावडर वरच पडून राहते आणि पैसे जातात.

पण पिशवीवरचा आकडा मक्याचा असतो. हेक्टरी एक ते दोन किलो पावडर, ५०० ते ७०० लिटर पाणी. तो काळ्या भारी जमिनीतल्या मक्यासाठी एका टोकाला आणि हलक्या जमिनीतल्या मक्यासाठी दुसऱ्या टोकाला असतो. मुरमाड माळावर नुकत्याच उगवलेल्या अंजनासाठी किती, हे तिथे लिहिलेलं नाही. मारवेलसाठी नाही, गिनीसाठी नाही. गवत म्हटलं की सगळी एकाच जातीची, असं धरून चालता येत नाही. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात १९८० च्या दशकात तिथल्या माळरानाच्या गवतांवर याचे पद्धतशीर प्रयोग झाले. स्विचग्रास आणि बिग ब्लूस्टेम या दोन गवतांची रोपं ॲट्राझिनमध्ये तगली आणि पहिल्याच वर्षी तुकडा भरला. त्यांच्याच शेजारी उगवणाऱ्या इंडियनग्रासचं रोप मात्र ॲट्राझिनला नाजूक निघालं. पुढे इमॅझापिक नावाचं दुसरं तणनाशक आलं, तर चित्र उलटलं: इंडियनग्रास आणि ब्लूस्टेमने ते सोसलं, स्विचग्रासला ते लागलं. तिन्ही उष्ण हवेतलीच गवतं, तिन्ही एकाच माळावरची. मग आपण नेपियरवरून मारवेलचा आणि मक्यावरून अंजनाचा अंदाज कशाच्या आधारावर बांधतो?

चुकीची बाटली याहून जास्त नुकसान करते. सोयाबीनचा पट्टा वाढल्यापासून घराघरांत क्विझालोफॉपसारख्या तणनाशकांच्या अर्धवट बाटल्या असतात. ही औषधं रुंद पानाच्या सोयाबीनला सोडतात आणि गवत मारतात. त्यांचं कामच ते. चाऱ्याच्या तुकड्यात ती मारली तर तण शिल्लक राहतं आणि ज्यासाठी सगळा खटाटोप केला ते गवत पिवळं पडून जातं. पेंडीमिथॅलिन लसूणघासाच्या पेरणीत कामाचं आहे, पण अंजन किंवा गिनीचं बी पेरलेल्या जमिनीत मारलं तर बारीक बियांचं गवत उगवतानाच मरतं. हे कृषी पदवीधराला सांगावं लागत नाही. ज्याला ठोंबांचा भारा किंवा बियाची पिशवी मिळाली त्याला मात्र ते कुणीतरी लिहून द्यायला हवं.

राहिलं २,४-डी. रुंद पानाचं तण मारून गवत राखणारं हे औषध दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर पसरलं, आणि आजही गाजरगवत म्हटलं की दुकानदाराचा हात त्याच्याकडे जातो. गवताला चार-पाच पानं येऊन फुटवा सुरू झाल्यावर ते बेताने चालतं, त्याआधी कोवळ्या मुळांना त्रास होतो. पण आमच्या भागात चाऱ्याचा तुकडा कुणाच्या ना कुणाच्या द्राक्षाला, डाळिंबाला, टोमॅटोला लागून असतो, आणि विदर्भ-मराठवाड्यात कपाशीला. कपाशी आणि द्राक्ष या औषधाला इतकी नाजूक की वाऱ्याबरोबर गेलेल्या तुषारांनी, किंवा एस्टर प्रकारातल्या औषधाच्या नुसत्या वाफेने, पानं पंज्यासारखी वळतात. त्याच पाठीवरच्या पंपाने दुसऱ्या दिवशी कपाशीवर कीटकनाशक मारलं तर पंपात राहिलेला अंश पुरेसा होतो. शेजाऱ्याशी भांडण, पंचनामा, बोलणं बंद. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, हे एक वाक्य ठोंबांच्या प्रत्येक भाऱ्यासोबत गेलं तरी कितीतरी बांध शांत राहतील.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेल्या कायद्याकडे येते. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली फरीदाबादची नोंदणी समिती प्रत्येक औषधाला पीकवार मान्यता देते. कुठल्या पिकात, कुठल्या तणावर, किती मात्रा, किती पाणी, आणि शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं, हे डब्याबरोबरच्या पत्रकात छापलेलं असतं. मी आजवर वाचलेल्या तणनाशकांच्या पत्रकांत मका आहे, ऊस आहे, भात, गहू, सोयाबीन, कांदा, चहा आहे. नेपियर, मारवेल, अंजन, गिनी ही नावं मला कुठे दिसली नाहीत. ज्या पिकाचं नाव पत्रकात नाही, त्याची शिफारस कृषी सहायक किंवा पशुधन पर्यवेक्षक कागदावर करू शकत नाही. मग तोंडी सांगितलं जातं, आणि तोंडी सांगितलेल्या मात्रेची जबाबदारी कुणाचीच नसते.

मक्याच्या पत्रकातला थांबायचा काळ चाऱ्याला उपयोगाचा नाही, कारण मका धान्यासाठी साडेतीन-चार महिन्यांनी काढतात. नेपियरची पहिली कापणी दोन-सव्वादोन महिन्यांत होते आणि पुढे दर सहा-आठ आठवड्यांनी विळा लागतो. कापलेला भारा त्याच संध्याकाळी गव्हाणीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दूध डेअरीच्या कॅनमध्ये. अन्नसुरक्षेच्या नियमांत दुधामधल्या कीडनाशकांच्या अवशेषांना मर्यादा आहेत, आणि त्या असायलाच हव्यात. पण मर्यादा दुधावर घालायची आणि ज्या चाऱ्यातून ते दूध येतं त्याच्या फवारणीचा नियमच करायचा नाही, तर उद्या नमुना नापास झाल्यावर शेवटी कोण सापडेल? कॅन घेऊन डेअरीच्या रांगेत उभी असलेली बाई.

साहेब, इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण परदेशातल्या नियमांत न सापडणारी एक गोष्ट आपल्याकडे आहे. तिकडे तण म्हणजे टाकाऊ. आपल्याकडे तण हाही चारा आहे. खुरपणी करून आलेल्या बाईच्या डोक्यावर जो भारा असतो त्यात केना असतो, हराळी असते, माठ असतो, आणि तो थेट म्हशीपुढे किंवा शेळीपुढे पडतो. घोळ, तांदुळजा, कुंजरू तर घरात भाजीला शिजतात. ज्यांना स्वतःचं शेत नाही त्या बाया दुसऱ्याच्या बांधावरून, ओळींमधून हे तण मागून नेतात, आणि कुणी नाही म्हणत नाही. तणनाशक मारलेल्या शेतात हा व्यवहार थांबत नाही, कारण फवारलेलं तण पहिले दोन-तीन दिवस हिरवंच दिसतं. उलट २,४-डी मारल्यावर काही तणं सुकत जाताना जनावरांना जास्त रुचकर लागतात, ज्यांना एरवी जनावर तोंड लावत नाही तीही खाल्ली जातात, आणि माठासारख्या तणांत नायट्रेट साचण्याचा धोका असतो. म्हणून गवतासाठी थांबायचे दिवस ठरवताना फक्त गवताच्या पानातला अवशेष मोजून भागणार नाही. तणाचा भारा नेणारी बाई आणि शेजाऱ्याची मोकळी शेळी, दोघींना धरून तो आकडा काढावा लागेल. फवारलेल्या तुकड्यावर चारी कोपऱ्यांना खूण लावायची, अमुक दिवस इथलं काही कापायचं नाही, असा साधा रिवाज ग्रामपंचायतीच्या पातळीवर पाडता येईल. त्याला कायद्याची वाट पाहायची गरज नाही.

दुसरी गोष्ट विहिरीची. नेपियर कुठे लावतात? विहिरीजवळ आणि गोठ्याजवळ, जिथे धुतलेलं पाणी आणि पाटाची गळती मिळते. म्हणजे पिण्याच्या पाण्याला सगळ्यात जवळचा तुकडा हाच. ॲट्राझिन जमिनीत महिना-दोन महिने सहज टिकतं आणि हलक्या जमिनीतून पाण्याबरोबर खाली उतरतं. भूजलात ते मर्यादेपेक्षा जास्त सापडू लागलं म्हणूनच युरोपीय संघाने दोन दशकांपूर्वी त्याची मान्यता काढली. अमेरिकेत ते आजही मोठ्या प्रमाणावर वापरतात. आपल्याकडे मे २०२० मध्ये केंद्राने २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला होता, त्यात ॲट्राझिन, २,४-डी आणि पेंडीमिथॅलिन तिन्ही होती. त्या मसुद्याबद्दल मतं वेगळी असू शकतात. पण चाऱ्यात ज्यांचं नाव घेतलं जातं ती सगळीच औषधं अशा यादीत असतील, तर त्यांच्याविना गवत कसं उभं करायचं याचीही तयारी आपल्याकडे हवी.

गवतावर मारलेलं औषध जनावरापाशी संपत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये बागाईत करणाऱ्या लोकांच्या टोमॅटोची आणि शेंगवर्गीय भाज्यांची पानं वाकडी होऊ लागली. कारण शोधल्यावर निघालं शेणखत. ॲमिनोपायरॅलिड हे तणनाशक मारलेलं गवत गुरांनी खाल्लं होतं, ते त्यांच्या पोटातून न मोडता शेणात उतरलं आणि खतातून भाजीपर्यंत पोचलं. तिथल्या सरकारने त्या वर्षी त्या औषधाची मान्यता काही काळ स्थगित केली. २,४-डी इतकं चिवट नाही, पण चाऱ्यासाठी पुढे जे जे तणनाशक सुचवलं जाईल त्याची शेणखतातली परीक्षा आधी व्हावी. आपल्याकडे शेणखत कांद्याला, भाजीला, डाळिंबाला जातं आणि विकतही दिलं जातं.

शेंगवर्गीय चाऱ्याचाही विचार यात हवा. अंजनाबरोबर स्टायलो, नेपियरच्या ओळींत चवळी, बांधावर दशरथ घास, ही शिफारस कृषी विद्यापीठांनी वर्षानुवर्षं केली आणि ती योग्य आहे. प्रथिनं तिथूनच येतात. पण ॲट्राझिन आणि २,४-डी ही दोन्ही शेंगवर्गीय पिकाला सोसत नाहीत. एका कागदावर मिश्र पेरणी आणि दुसऱ्या कागदावर तणनाशक असं होऊ देऊ नये. माझं स्पष्ट मत असं, की गायरानावर आणि सामाईक माळावर तणनाशक मारूच नये. तिथे स्टायलो आहे, तिथे भूमिहीनांच्या शेळ्या चरतात, आणि तिथे खूण लावून कुणाला अडवता येणार नाही.

मग तण आवरायचं कशाने? निम्मं काम लागवडीच्या आधीच होतं आणि ते बाटलीशिवाय होतं. ज्या तुकड्यात हराळी आहे तिथे मार्च-एप्रिलमध्ये खोल नांगरट करून काशा उन्हात वाळवायच्या आणि वेचून बाहेर काढायच्या. लव्हाळ्याच्या गाठीही तापल्याच पाहिजेत. या दोन्ही तणांना ॲट्राझिन काही करत नाही, कारण ती बियावर अवलंबून नाहीत. ग्लायफोसेटची नोंदणी आपल्याकडे चहाच्या मळ्यासाठी आणि पीक नसलेल्या जागेसाठी आहे, आणि २०२२ च्या अधिसूचनेनंतर ते प्रशिक्षित कीडनियंत्रण चालकाकडूनच मारायचं आहे. हराळीवर सर्रास ते मारलं जातं तेव्हा हे कुणी पाळत नाही. नांगरटीनंतर पहिल्या पावसावर लगेच ठोंबे लावायची घाई करू नये. पाऊस झाला की तणाची पहिली लाट उगवू द्यायची, वाफसा आला की वखराची एक पाळी घालायची, शक्य तर आठ-दहा दिवसांनी आणखी एक, आणि मग लागवड. जमिनीच्या वरच्या थरातलं बी अशा रीतीने मोकळं झालं की पुढच्या दीड महिन्यातली खुरपणी निम्म्यावर येते. ओळी सरळ आणि पुरेशा रुंद ठेवल्या की कोळपं फिरतं. ज्याला पाणी आहे त्याने नेपियर मृगावर लावण्याचा हट्ट न धरता फेब्रुवारी-मार्चमध्ये लावावं. तेव्हा पावसाळी तणाचा जोर नसतो आणि पाऊस येईपर्यंत गवत सावली धरतं.

इथेच आपल्या खात्याचा संबंध येतो. ठोंबे कधी मिळतात यावर हे सगळं अवलंबून आहे. भारा जूनच्या पहिल्या आठवड्यात आला तर कांड्या वाळतील या भीतीने शेतकरी तणाच्या पहिल्या लाटेतच लागवड करतो. वाटपाचं वेळापत्रक दोन भागांत करावं: बागायतीसाठी फेब्रुवारीत, जिरायतीसाठी वखराच्या पाळीनंतर. खर्च नवा नाही, तारीख फक्त बदलायची आहे. अनुदानाची रचनाही बदलावी. आज योजनेचं यश किती ठोंबे किंवा किती किलो बियाणं गेलं यावर मोजणं सोपं जातं, पण पंचेचाळीसाव्या दिवशी तुकडा पाहून, नांग्या मोजून, त्यावर खुरपणीच्या मजुरीपोटी ठराविक रक्कम दिली तर पैसा त्या बाईच्या हातात जाईल आणि गवतही उभं राहील.

आणि फरीदाबाद. नोंदणी राज्याच्या हातात नाही, हे मला माहीत आहे. पण कुठल्याही कंपनीला नेपियर-मारवेलसाठी प्रयोग करून अर्ज करण्यात फायदा दिसणार नाही. बाजार लहान आहे. अशा वेळी सरकारनेच पुढे व्हावं लागतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात गवत पैदास होते, अकोला, परभणी आणि दापोलीची विद्यापीठं आहेत, झाशीला १९६२ पासून भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्था आहे, जबलपूरला तण संशोधन संचालनालय आहे, उरुळीकांचनला बाएफ संस्थेचं चाऱ्याचं काम आहे. आपण कृषी आयुक्तांबरोबर बसून या सगळ्यांकडून एकच प्रयोग मागावा: संकरित नेपियर आणि मारवेल या दोन गवतांपासून सुरुवात, भारी आणि हलकी अशा दोन जमिनी, तणावरचा परिणाम, गवतावरचा परिणाम, हिरव्या चाऱ्यातला, तणाच्या भाऱ्यातला, दुधातला आणि शेणखतातला अवशेष. त्या आकड्यांच्या आधारे गवतवर्गीय चारा असा स्वतंत्र पीकगट धरून मान्यता मागावी. आकडे असं सांगत असतील की दुभत्या जनावरांच्या चाऱ्यात अमुक औषध नकोच, तर तेही छापावं. आज घोटाळा होतो तो काहीच छापलेलं नसल्यामुळे.

तोवर, येत्या हंगामातल्या प्रत्येक भाऱ्यासोबत मराठीत एक पान द्यावं. मोठ्या अक्षरांत, जमलं तर चित्रांसह. वखराची पाळी आधी, लागवड नंतर. सोयाबीनची बाटली या तुकड्यात आणू नका. अंजन-गिनीच्या पेरणीत पेंडीमिथॅलिन नको. शेंगवर्गीय चारा असेल तर ॲट्राझिन आणि २,४-डी दोन्ही नकोत. कपाशी-द्राक्ष शेजारी असेल तर २,४-डी नको. तणनाशकाचा पंप वेगळा. विहिरीच्या काठाला हातकोळपं आणि खुरपंच. फवारलेल्या शेतातलं तण म्हशीला आणि घरात भाजीला नको. या पानासाठी नोंदणी लागत नाही, प्रयोग लागत नाही. मसुदा हवा असेल तर आमच्या गावातल्या बाया बसून लिहून देतील. कुठलं तण कुठे जातं आणि कुणाच्या पोटात जातं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

उत्तराच्या प्रतीक्षेत,

आपली,
एक दूध उत्पादक शेतकरी,
ता. संगमनेर, जि. अहिल्यानगर